ओहायोतील लाल फियाट स्पायडर: विसार पाठवण्यापूर्वी

वाचकाचे पत्र: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. ओहायोतील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे १९७१ ची लाल फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर विक्रीला आहे. इंजिन १६०८ सीसीचे आहे, गाडी पूर्णपणे नव्याने उभी केली आहे असे तो सांगतो आणि २२,५०० डॉलर मागतो. त्याने पाठवलेले फोटो सोबत जोडले आहेत. गाडी अगदी नवीकोरी दिसते. रविवारपर्यंत एक हजार डॉलर विसार दिला तर तो गाडी राखून ठेवणार आहे. नाशिकला वडिलांकडे प्रीमियर ११८ एनई होती. ती याच घराण्यातली, असे एका मित्राने सांगितल्यापासून माझा जीव या गाडीत अधिकच गुंतला आहे. वडील उन्हाळ्यात इकडे येणार आहेत. पत्नीचा मात्र विरोध आहे. गाडी सुरक्षित नाही, आणि आमची सहा वर्षांची मुलगी तीत बसायचा हट्ट धरील, असे तिचे म्हणणे आहे. मी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

रविवारी विसार पाठवू नका. तुमची निवड चुकीची आहे म्हणून मी हे सांगत नाही; बेताच्या पैशात मिळणाऱ्या, रोजच्या रस्त्यावर खरोखर चालवता येणाऱ्या आणि सुटे भाग सहज मिळणाऱ्या जुन्या इटालियन उघड्या गाड्यांत १२४ स्पायडरचा क्रमांक फार वरचा आहे, आणि हातात पैसे असलेल्या नवख्या माणसाने कोणती गाडी शोधावी असे मला कोणी विचारले, तर मीही पहिले नाव हिचेच घेईन. माझी हरकत आहे ती तुम्ही पाठवलेल्या फोटोंना. ते मी एकेक करून मोठे करून पाहिले. त्यांत बॉनेट आहे, डॅशबोर्ड आहे, चामड्याची आसने आहेत, मावळतीच्या उन्हात घेतलेला मागचा दिवा आहे. पण गाडीच्या पोटाखालचा एकही फोटो नाही, उघड्या डिकीतला गालिचा उचलून घेतलेला नाही, आणि काम चालू असतानाचा तर नाहीच. ज्याने खरोखर पत्रा कापून नवा बसवला आहे, तो माणूस ते फोटो सर्वांत आधी दाखवतो, कारण त्याचा सगळा खर्च तिथेच झालेला असतो.

आधी घराण्याचे सांगतो. तुमच्या मित्राने सांगितले ते खरे आहे. फियाटची १२४ ही साधी चार दरवाजांची गाडी १९६६ साली आली आणि १९६७ ची युरोपातील सर्वोत्तम गाडी ठरली. १९६६ च्याच नोव्हेंबरात इटलीतील तुरिनच्या प्रदर्शनात तिच्याच सांगाड्यावरची स्पायडर मांडली गेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर मात्र २४२० मिलिमीटरवरून २२८० वर आणले होते. तिचे रूप पिनिनफारिना या गाड्यांचे आराखडे करणाऱ्या इटालियन कंपनीत काम करणाऱ्या टॉम जार्डा या अमेरिकी रेखाकाराचे, आणि दोन कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे) इंजिन पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचे. साध्या १२४ चा सांगाडा पुढे स्पेनमध्ये सेआट या कंपनीकडे गेला, रशियात तोल्यात्ती या शहरी लाडा नावाची गाडी झाला, आणि १९८५ च्या सुमारास प्रीमियर ऑटोमोबाइल्सने त्यावरच ११८ एनई काढली. मात्र ११८ एनईचे इंजिन निसानचे होते, ११७१ सीसीचे. त्यामुळे वडिलांना दरवाजाचा आवाज किंवा बसण्याची ठेवण ओळखीची वाटेल, पण बॉनेट उघडल्यावर त्यांना आपले असे काही सापडणार नाही, आणि नाशिकहून सुटे भाग मागवण्याच्या विचारालाही अर्थ नाही. त्याची गरजही नाही. जवळजवळ दोन लाख स्पायडर तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतच विकल्या गेल्या, म्हणून तुमच्या देशात या एका गाडीवर पोट भरणारी दुकाने आजही आहेत. पाण्याच्या पंपापासून कॅनव्हासच्या टपापर्यंत बहुतेक सगळे तुमच्या दारात येते.

दारात येत नाही तो निरोगी सांगाडा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खाली स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचे खोके हाच तिचा कणा आहे, आणि वर टप नसल्यामुळे सगळा भार दोन्ही दरवाजांखालच्या पट्ट्यांवर आणि फरशीवर येतो. पट्ट्या पत्र्याच्या एकाहून अधिक थरांच्या आहेत. बाहेरचा थर लोकांना दिसतो, म्हणून तोच बदलला जातो. आतले थर सडलेले असले तरी वरून नवा पत्रा आणि चकचकीत रंग चढवता येतो, आणि ओल मुरलेल्या भिंतीवर रंग दिल्यासारखा तो दोन पावसाळे टिकतो. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. गाडीचे आयुष्य तिथेच गेले असेल तर गंज आहे की नाही हा प्रश्न उरत नाही. गंज होता, आणि तो कोणी, कसा काढला, एवढेच विचारायचे राहते.

ते पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही दरवाजे लावून बाजूने उभे राहा आणि दरवाजाच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. ती सर्वत्र सारखी असली पाहिजे. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट असेल, तर गाडी मधून वाकली आहे किंवा वाकलेल्या स्थितीतच तिला वेल्डिंग केले आहे. मग पुढच्या चाकामागे जॅक लावून ती बाजू हळूहळू उचलायला सांगा आणि नजर त्या फटीवरून हलवू नका. फट मिटू लागली, दरवाजा उघडताना अडकू लागला, तर नमस्कार करून परत या, मग आसने कितीही सुंदर असोत. त्यानंतर बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे आतल्या मडगार्डला बोल्टांनी धरलेले असते ती जागा पाहा. चाकाने उडवलेला चिखल तिथल्या दुहेरी पत्र्यात वर्षानुवर्षे अडकून बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. बोल्टांच्या भोवती रंगाला बारीक फुगवटे दिसले, किंवा पत्र्यावर कोणी चौकोनी ठिगळ लावले असेल, तर हे काम रंगाऱ्याचे आहे, पत्रेवाल्याचे नाही. चाकाच्या कमानीतून हात घालून तीच जागा खालूनही चाचपा. बोटाला खवले लागले तर डोळ्यांना दिसले त्यापेक्षा ते अधिक खरे धरा.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय हा व्यवहार करू नका. खाली पाहायचे ते इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी तुळईकडे, कारण तिच्यावर इंजिनही टेकते आणि पुढच्या चाकांचे खालचे हातही. तिथे बारीक तडे जाणे हे या गाडीचे जुने दुखणे आहे. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या बैठका, डिकीच्या तळाचे दोन्ही कोपरे आणि सुट्या चाकाचा खळगा हेही पाहा. पोटाला सगळीकडे जाड, ताजा काळा थर लावलेला असेल तर त्यावर खूश होऊ नका. ओहायोत गंजरोधक थर लावणे शहाणपणाचे खरे, पण विक्रीच्या तोंडावर लावलेला थर बहुधा झाकण्यासाठी असतो. खिशात एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या आणि चाकांच्या कमानींवर, दरवाजांच्या खालच्या वीतभर भागावर, पट्ट्यांवर टेकवून पाहा. ज्या जागी ते धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे भरण्याच्या लुकणाचा, जाड थर आहे.

इंजिनाबद्दल मला तितकी चिंता वाटत नाही. चांगल्या मेकॅनिकला इंजिन दुरुस्त करता येते आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो. सांगाड्याबाबत यांतले काहीच आधी सांगता येत नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. या इंजिनाचे दोन्ही कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्यावर फिरतात, आणि १६०८ सीसीच्या इंजिनात तो पट्टा तुटला तर झडपा पिस्टनवर आदळून वाकतात. पट्टा किती मैल चालला हे पाहतात तसेच त्याचे वयही पाहावे लागते, कारण उभ्या गाडीतही रबर सुकते. इंजिन नव्याने बांधले असे विक्रेता म्हणतो ना, मग ज्याने बांधले त्याचे बिल दाखवावे, आणि त्यात पट्टा, ताण देणारी चकती आणि पाण्याचा पंप यांचा तारखेसह उल्लेख असावा. तसा कागद नसेल तर पट्टा जुना आहे असेच समजा आणि गाडी ट्रकवरून घरी आणून, तो बदलेपर्यंत लांब चालवू नका.

गाडी पाहायला जाल त्या दिवशी इंजिन तुम्ही येण्यापूर्वी सुरू करू नये असे आधीच कळवा, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे ना पाहा. थंड इंजिन सुरू होताना किती त्रास देते, किती धूर सोडते, तेलाचा दाब किती चटकन चढतो, हे सगळे गरम केलेले इंजिन लपवते. मग ते पंधरा-वीस मिनिटे जागेवर चालू ठेवा आणि रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो का, तापमानाचा काटा खाली येतो का ते पाहा. रस्त्यावर उतरणीला पाय उचलून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळसर धूर आला तर झडपांची सीले गेली आहेत. तिसऱ्यातून दुसऱ्यात घालताना गिअर खरखरत असेल तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, झिजला आहे. हे पुष्कळ गाड्यांत आढळते आणि त्यामुळे गाडी सोडून देऊ नये, पण किमतीतून पैसे वजा करावेत.

नव्याने उभ्या केलेल्या गाडीचा खरेपणा मला अनेकदा सर्वांत स्वस्त वस्तूंत दिसतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. रंगावर हजारो डॉलर खर्च करणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांचे टायर तसेच ठेवले असतील, तर ब्रेकचे रबरी पाइप आणि पेट्रोलच्या नळ्याही त्याने बदललेल्या नसणार. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते आणि त्या काळच्या रबराला ते सोसत नाही. नळी आतून मऊ होते, वरून तडकते, आणि तिच्याखाली तापलेले इंजिन असते. म्हणून पेट्रोलची प्रत्येक नळी बोटांनी दाबून पाहा. गाडी ही असो वा दुसरी, घेतल्यावर सर्वप्रथम त्या बदला आणि डॅशबोर्डाखाली एक लहान अग्निशामक ठेवा.

आता क्रमांकांकडे. १६०८ सीसीच्या या नमुन्याचा चासी क्रमांक १२४ बीएस१ ने सुरू होतो, आणि इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला प्रकार १२५ बीसी असा असतो. तिथे १३२ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर इंजिन नंतरच्या गाडीचे आहे. त्यात गैर काही नाही. पुष्कळांनी १७५६ किंवा १९९५ सीसीची इंजिने हौसेने बसवली आहेत आणि ती चालवायला सोपीही असतात. पण विक्रेता १६०८ म्हणून किंमत मागत असेल आणि ब्लॉक वेगळाच निघाला, तर त्याच्या बाकीच्या विधानांवरही तुम्ही किती भरवसा ठेवायचा ते तुमचे तुम्हीच ठरवा. मालकीपत्रावरचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. एक आकडा इकडचा तिकडे झाला असेल, तर तो विक्रेत्याने ओहायोतच दुरुस्त करून घ्यावा. तुमच्या राज्यात बाहेरची गाडी नोंदवताना क्रमांकाची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि खरेदीवरचा करही नोंदणीच्या वेळी भरावा लागतो. तो धरूनच अंदाजपत्रक करा. धुराच्या तपासणीची काळजी नको, १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात ती माफ आहे. विमा मात्र नेहमीचा घेऊ नका. जुन्या गाड्यांसाठी आधी ठरवलेल्या मूल्याचा विमा मिळतो, त्यात अपघातानंतर घसारा मोजत बसावे लागत नाही. पॉलिसीवर ती रक्कम छापलेली आहे ना एवढे पाहून घ्या.

तुमच्या पत्नीचे म्हणणे योग्य आहे. ते तुम्ही अडचण म्हणून लिहिले आहे. मला ते तुमच्या पत्रातील सर्वांत विचारी वाक्य वाटले. या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आहेत आणि तिच्या काळाच्या मानाने ती उत्तम थांबते, पण तिला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा नाही, दरवाजात आडवी पट्टी नाही. वजन टनापेक्षा कमी आणि उंची इतकी बेताची की शेजारच्या उंच गाडीच्या चालकाला तुम्ही आरशात दिसालच असे नाही. कामावर जाण्यासाठी ती ८८० क्रमांकाच्या महामार्गावर रोज नेऊ नका. मुलीबाबत तर मी तुमच्याशी वाद घालायलाही तयार नाही: तिला या गाडीत नेऊ नका. आठ वर्षांखालच्या मुलांना योग्य बालआसनात, मागच्या सीटवर बसवावे असा तुमच्या राज्याचा कायदा सांगतो, आणि स्पायडरच्या मागे जी अरुंद गादी आहे ती सीट म्हणण्याच्या लायकीची नाही. तिथे बालआसन भक्कम बसत नाही. तिला समजेल अशा शब्दांत हे गाडी दारात येण्यापूर्वीच सांगा. गाडी धुताना, पान्हा हातात देताना ती तुमच्यासोबत असू द्या. मोठी झाल्यावर पुढच्या सीटवर तिचा हक्क राहीलच.

पत्नीला मात्र या खरेदीत आतापासून बरोबर घ्या. खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा, आणि ती ठरवताना किमतीखेरीज वाहतूक, कर, विमा आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किमतीच्या किमान पंधरा टक्के रक्कम बाजूला काढा. विक्रेत्याची मागणी अवाजवी आहे का? सांगाड्याचे काम फोटोंनी आणि बिलांनी सिद्ध झाले, इंजिन मूळचे निघाले, तर २२,५०० ही रक्कम मला जाचक वाटत नाही, कारण तेवढे काम तुम्ही स्वतः करून घ्यायला गेलात तर याहून कितीतरी जास्त खर्च होईल. नुसताच रंग असेल तर ही गाडी निम्म्या किमतीतही महाग आहे. आणि खरे सांगायचे तर तुम्ही चुकीच्या राज्यात शोधत आहात. तुमच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर, आयुष्यभर कॅलिफोर्नियातच राहिलेल्या, उन्हाने डॅशबोर्ड तडकलेल्या, रंग उडालेल्या, आसनांच्या शिवणी उसवलेल्या स्पायडर विक्रीला येत असतात. त्या फोटोत देखण्या दिसत नाहीत. पण त्यांच्या पट्ट्या कारखान्यातून आल्या तशा असण्याचा संभव मोठा आहे, आणि डॅशबोर्ड, आसने, टप हे सगळे डब्यात भरून घरपोच येते. १९७५ नंतरचे जाड बंपर तुम्हाला खपत असतील तर निवड आणखी वाढते. मला स्वतःला जुने बारीक क्रोमचे बंपर आवडतात, पण ती आवड आहे, गुणवत्ता नव्हे. धुराच्या तपासणीची माफी त्या गाड्यांना नाही, एवढे ध्यानात ठेवा.

वडिलांच्या येण्याशी ही खरेदी बांधू नका. मुलाच्या गाडीत बसून नाइल्स कॅन्यनच्या वळणांवरून सकाळची एक चक्कर त्यांना नक्कीच आवडेल, पण तारखेसाठी घेतलेली गाडी बहुधा त्या तारखेला गॅरेजमध्येच उभी असते. उन्हाळ्यापर्यंत गाडी मिळाली नाही, तर ते इथे असताना त्यांना सोबत घेऊन दोन-चार गाड्या पाहून या. वर्षानुवर्षे ११८ एनई सांभाळलेला माणूस दरवाजा लावल्याच्या आवाजावरून पुष्कळ काही सांगतो, आणि तुमचे मन चकाकीला भुलेल तेव्हा तुमच्या शेजारी उभे राहायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळणार नाही.

ओहायोची गाडी अजूनही मनातून जात नसेल तर विक्रेत्याला आजच, नम्रपणे, एवढेच लिहा: “गाडी लिफ्टवर घेऊन पोटाचे, पट्ट्यांचे, सस्पेन्शनच्या वरच्या टोकांचे आणि गालिचा उचलून डिकीच्या तळाचे फोटो पाठवावेत, पत्र्याच्या आणि इंजिनाच्या कामाची बिले, तसेच मालकीपत्र आणि ब्लॉकवरचा क्रमांक यांची छायाचित्रे द्यावीत, आणि तुमच्याशी संबंध नसलेल्या, मी पैसे देऊन नेमलेल्या माणसाला तुमच्या गावातील दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी तपासू द्यावी, त्याचा अहवाल समाधानकारक आला नाही तर विसार पूर्ण परत मिळेल असे लेखी कळवावे.” चांगल्या गाडीच्या मालकाला यांतले काहीच जड जात नाही. रविवारची मुदत त्याने त्यावर पुन्हा पुढे केली, तर फोटो पुसून टाका आणि सॅक्रामेंटोपासून सॅन होजेपर्यंतच्या जाहिराती वाचायला घ्या.